अकरा फोटोंची खोली

आई गेल्यापासून बाबांनी वाडीत पाऊल टाकलं नव्हतं. वाडी म्हणजे मंगरूळपीरला लागून असलेला आमचा भाजीपाल्याचा मळा: वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेनं शेवगा. सगळ्यांच्या आधी उठून वाफ्यांना पाणी सोडणारा माणूस आता दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहायचा. भिंतीवर आईचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. ताट समोर ठेवलं की दोन घास खायचे आणि सरकवायचे. मी मुळातच तापट, त्यात न जेवणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. ओरडून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, यांचं मन कशात तरी गुंतवा. मन म्हणजे काय दोडक्याचा वेल आहे, मांडवावर टाकला की चढला?

बाबांचं मन उभ्या जन्मात दोनच गोष्टींत गुंतलेलं मला माहीत होतं. एक आई आणि दुसरा फुटबॉल. तरुणपणी ते कारंज्याला मामाकडे राहायचे, दिवसा कापसाच्या बाजारात हमाली करायचे आणि संध्याकाळी गावाच्या संघात डाव्या कडेला, लेफ्ट आउट खेळायचे, तेही अनवाणी. मग लग्न झालं, वाडी अंगावर पडली आणि खेळ सुटला. खेळाबरोबर कारंजाही सुटलं. आम्ही लहान असताना ते कोबीचा गड्डा पायानं उचलून बरोब्बर टोपलीत टाकायचे. आई चिडायची, "अवो, विकाचा माल हाये तो." चिडून झाल्यावर तीच आम्हाला म्हणायची, "पाय कसा चालते पाहा तुमच्या बापाचा."

तेव्हा कारंज्यात फुटबॉलच्या इतिहासाचं संग्रहालय उघडल्याचा मेसेज व्हॉट्सअॅपवर आला आणि मला वाटलं, हाच तो मांडव. एका व्यापाऱ्याच्या घरच्यांनी जुन्या गोदामातल्या दोन खोल्या त्यासाठी दिल्या होत्या.

"बाबा, तुमच्या संघाचंबी असन तिथं काई. चाला जाऊन येऊ."

"कायले?"

"फोटो असन तुमचा."

त्यांनी भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पांढऱ्या सदऱ्याले इस्तरी कर." मला वेड्यासारखा आनंद झाला.

एसटीत ते किती दिवसांनी आपणहून बोलले. गोलकीपर कसा भित्रा होता आणि तरी कसा बॉलवर पडायचा. सेंटर फॉरवर्ड मॅचआधी भजी खायचा आणि मग पळताना ढेकर द्यायचा. बोलता बोलता थांबून विचारलं, "कोनी भेटन काय रे तिथं?"

"भेटन न," मी म्हणालो. मला काय माहीत होतं?

पहिल्या खोलीत जगभरातला इतिहास होता. गोऱ्या सोल्जरांनी छावण्यांमधून हा खेळ आपल्याकडे कसा आणला त्याची चित्रं, खिळे ठोकलेले चामडी बूट, पितळेची शिट्टी. काचेच्या पेटीत दोरीनं शिवलेला चामड्याचा बॉल होता. बाबा त्या पेटीवर वाकले ते वाकलेच. "याले आमी चरबी लावत होतो," ते म्हणाले. "पावसात भिजला का धोंडा. डोक्यावर घेतला तं दोरीचा वळ उठे इथं." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं आणि हसले. आज हे पोटभर जेवणार, एवढंच माझ्या डोक्यात चालू होतं.

दुसरी खोली गावाच्या संघाची. एका ग्रुप फोटोतले अकरा चेहरे वेगळे काढून, मोठे करून ओळीनं लावले होते. अकराही फोटोंना चंदनाचे हार, काचेवर कपाळाच्या जागी गंध, खाली उदबत्ती. बाबा गोलकीपरपासून सुरू झाले. एकेका फोटोपुढे थांबायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "हाबी गेला?" त्यांना कुणी कधी कळवलंच नव्हतं. शेवटी लेफ्ट आउट आला. मधोमध भांग पाडलेला, मिसरूड फुटलेला पोरगा. त्याच्याही गळ्यात हार.

माझा तोल गेला. टेबलाशी पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकावर मी ओरडलो, "हे काय लावलं तुमी? जित्ता हाये हा मानूस. हा काय, तुमच्या पुढं उभा हाये."

त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. पेपर बाजूला ठेवून उठले. "ज्याले विचारलं तो म्हने सारे गेले," ते म्हणाले. "अन् विचारायलेबी त्या संघातलं कोनी राह्यलं नोतं." मग हात जोडून, आपल्याकडे अशा वेळी म्हणतात तेच म्हणाले, "बाबा, वाईट नका वाटू देऊ. आयुष्य वाढलं तुमचं."

जिवंत माणसाला चुकून मेलेला समजलं की त्याचं आयुष्य वाढतं, असं आपण म्हणतो. त्यावर सगळे हसतात आणि चहा होतो. बाबा हसले नाहीत.

"अजून?" ते म्हणाले.

मी स्टूल ओढून हार काढायला चढलो. बाबांनी माझी बाही धरली. "राहू दे. साऱ्याईले हाये. मी एकटाच कायले येगळा?"

मग त्यांनी चपला काढल्या आणि ओळीनं अकराही फोटोंना हात जोडले. स्वतःच्या फोटोलाही. मला तिथं उभं राहवेना.

स्टँडवर येऊन डबा उघडला तर बाबा जेवले. भाकर, झुणका, वरून मिरची मागून घेतली. मी घरी फोन करून बायकोला सांगितलं, बाबा जेवले. सांगताना मला रडू आलं.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून आपला जुना फोटो काढला. "तुह्या मायच्या बाजूले लाव. अन् हार आन एक."

"काहीच्या बाही नका बोलू, बाबा."

"तिथं घातला तं चालते, मंग इथं काहून नाही?"

फोटो मी लावला, हार आणला नाही. ताट पुन्हा परत यायला लागलं. बाजारातून आलो की खाटेवरून एकच प्रश्न यायचा, "आनला काय?" मी हातपाय धुवायला निघून जायचो. काल ताट ठेवलं तर त्यांनी एकाही घासाला हात लावला नाही. मी पुढ्यात बसून राहिलो. शेवटी म्हणाले, "हार आन, मंग जेवतो."

आज मेथी लवकर खपली. पूजेच्या सामानाच्या दुकानापुढे मी बराच वेळ उभा होतो. आत खिळ्याला लहानमोठे हार टांगले होते. गिऱ्हाइकं आली आणि गेली. दुकानदारानं मला विचारलं, "फोटो केवढा हाये?"

मी दोन्ही हातांनी माप दाखवलं.