रविवारचं तेल

चारही चाकांना जोर लावणारी गाडी घेऊन आयुष्यात एकदाही डांबरी रस्ता न सोडलेला माणूस अख्ख्या सुरतेत एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात त्यांनी ती जीप घेतली, तेव्हा ते लिंबायतला यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे मास्तर होते आणि घरात धड दुसरा पंखाही नव्हता. "डोंगर चढाले लागस," एवढंच कारण त्यांनी बायकोला सांगितलं. आता डिंडोलीत डोंगर कुठला? आमच्याकडची सगळ्यात उंच जागा म्हणजे रेल्वेवरचा पूल. तरी जीप आली, तिनं सगळं अंगण अडवलं, आणि माझी मोठी मेव्हणी, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिची वाळवणं कायमची गच्चीवर गेली.

गाडी चालवण्यात साडूंना फारसा रस नव्हताच. खरा रस होता तो तिच्या पोटाखाली शिरण्यात. या जीपच्या पुढच्या चाकांच्या मधोमध एक आणि मागच्या चाकांच्या मधोमध एक असे लोखंडाचे फुगीर गोळे असतात, त्यांना डिफरन्शिअल म्हणतात, आत दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात आणि ते तेल अधूनमधून बदलावं लागतं, हे ज्ञान मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर मिळालं. दुसऱ्यांचे साडू नव्या पाहुण्याला पान देतात. यांनी माझ्या हातात टॉर्च दिला आणि मला गाडीखाली नेलं. गॅरेजवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "गॅरेजवाला तेल बदलस. मी तिनं दुखनं देखस," असं ते म्हणायचे. गरम तेल चांगलं निथळतं म्हणून आधी जीप कामरेजपर्यंत फिरवून आणायची, मग जुनी लुंगी नेसून पोत्यावर आडवं व्हायचं. आक्काची पीठ मळायची मोठी परात पहिल्याच वर्षी तेल धरायला गेली, ती परत स्वयंपाकघरात आली नाही. खालच्या बुचाला लोहचुंबक असतं, त्याला चिकटलेला लोखंडाचा कीस साडू बोटावर घेऊन उन्हात धरत. तो काजळासारखा बारीक निघाला की घरात सणासुदीचं वातावरण. जरा जाड कण दिसला, की त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. त्या नव्वद नंबरच्या तेलाला असा काही सडका वास येतो की समोरची गुजराती शेजारीण नाकाला ओढणी लावून विचारायची, "आक्का, आजे शुं रांध्युं छे?"

दुसऱ्याच्या गाडीलाही ते सोडत नसत. कामरेजला एका लग्नात वरात निघायची वेळ झाली, बॅण्डवाले घामाघूम झाले, आणि नवरदेवाची गाडी काही हलेना. पाहतो तर फुलांनी सजवलेल्या त्या गाडीखालून पांढऱ्या कडक इस्त्रीची विजार घातलेले दोन पाय बाहेर आलेले. ते पाय मी ओळखले आणि दुसरीकडे बघत उभा राहिलो. बाहेर येऊन साडूंनी नवरदेवाला बाजूला घेतलं आणि आजारी माणसाबद्दल बोलावं तशा आवाजात सांगितलं, "मागला गोळा कन्ही ऱ्हायना. नवरीले लई जावाना पहिले तेल बदलाई ल्या." आणि एका पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आज या जीपचं सार्थक होणार. बायाबापड्या पिशव्या भरून दारात उभ्या राहिल्या. साडूंनी जीप काढली, कोणालाही न घेता सरळ पुलावर नेऊन उभी केली आणि पाण्यातून चालत परत आले. गोळ्यात पाणी शिरलं तर तेल दुधासारखं होतं म्हणे! गल्लीतल्या लोकांना शेवटी कोणाच्या तरी ट्रॅक्टरनं बाहेर काढलं, आणि साडू त्या ट्रॅक्टरवर बसून सगळ्यांना दुधाळ तेलाचे धोके समजावत होते.

या कामाचा त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी आम्हा सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता. गोळ्याला दोन बुचं असतात, वरचं तेल भरायचं आणि खालचं तेल सोडायचं. आधी वरचं सैल करून बघायचं. ते निघालं, तरच खालच्याला हात लावायचा. नाहीतर तेल सांडून बसाल, वरचं बूच गंजून अडकलेलं असेल आणि गाडी जागच्या जागी खिळेल. त्यांच्या मुलानं कापड मार्केटमधली नोकरी सोडली तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं होतं, "वरलं बूच देखं का आधी?" पोरगं महिनाभर बापाशी बोललं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर साडू जीपशेजारी पोत्यावर मांडी घालून बसले होते. परातीत तेल भरलेलं होतं, खालचं बूच त्यांच्या मुठीत होतं, आणि वरच्याला पानाही लागलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "पाव्हना, आधी कोणतं बूच काढतस?" नेहमीसारखी माझी परीक्षा घेताहेत असं वाटून मी हसलो. "वरचं," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आपल्याला ही माहिती पहिल्यांदाच मिळते आहे अशी. आक्का उंबऱ्यात उभी होती, ती हसली नाही.

पुढचं फार भराभर झालं. जेवून उठलेला माणूस पुन्हा ताटावर बसू लागला. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून घर कुठं म्हणून विचारू लागला. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं. आक्कानं सोपं करून विचारल्यावर म्हणाले, जुनं बरंचसं राहील, नवं टिकणार नाही. जुन्यात राहिली ती जीप. हातांना सगळे पाने ओळखू येत होते, वरच्या बुचाचा नियमही परत आला, फक्त तेल बदलल्याचं ध्यानात राहत नव्हतं. मुलगा आणि मी घरात असलो की त्यांना रविवार कळायचा, आणि रविवार कळला की तेल बदलायचं राहून गेलंय हे आठवायचं. दर रविवारी.

मुलगा घाबरला, गाडी विकायचं म्हणू लागला. "मावसा, गाडी वेची नाखू आपण," तो मला म्हणाला. "कोणी नसताना पप्पा खाली शिरले आणि गाडी अंगावर आली तर?" त्याचं चूक नव्हतं, आणि मी त्याला तसं सांगितलंही. पण आक्का, जिनं त्या जीपला उभं आयुष्य शिव्या घातल्या, ती आडवी आली. "गाडी गयी ते या मानूसले मी कोठे बसाडू?" ती म्हणाली. "बाकी समदं गयं. आठे, या गाडीखाले, ते अजून मास्तर शेतस." मग तडजोड झाली. किल्ली लपली, बॅटरी काढली, जॅक माझ्या घरी आला आणि चाकांना लाकडाचे ठोकळे लागले. गाडी उंच असल्यानं तशीच खाली शिरता येत होतं. आक्कानं पोराला शब्द दिला, की हा माणूस गाडीखाली असेपर्यंत मी बाजूची हलणार नाही.

दर रविवारी नवं तेल आणणं कोणाला परवडणार? आणि हवं कशाला? जागेवर उभ्या गाडीतलं तेल खराब कसं होणार? साडू हात धुवायला गेले, की आक्का परातीतलं तेल मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि जुन्याच डब्यात भरून झाकण घट्ट लावायची. "नवं तेल आनं का?" ते विचारायचे. "आनं ना, कालदिनच," ती म्हणायची. तिच्या लुगड्याला तो वास कायमचा बसला. भजनाला बायका जरा लांब सरकून बसतात, असं ती मला हसत सांगायची. मला मात्र तिच्याकडे बघून हसता येत नसे.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी असंच तेल सोडलं. सकाळचं ऊन थेट परातीत पडलं होतं. साडू गाडीखालून अर्धे बाहेर आले, परातीकडे बघत राहिले, मग त्यांनी बोट बुडवलं. "हाई ते नवं तेल शे," ते म्हणाले. मी घाईघाईनं काहीतरी बोललो, हल्ली कंपन्या तेल असंच बनवतात वगैरे. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ते आक्काकडे बघत होते. तिच्या हातात डबा होता आणि खांद्यावर तेलानं पिवळं पडलेलं फडकं. कितीतरी महिन्यांत मी त्यांची अशी नजर पाहिली नव्हती. जाड कण सापडल्यावर बघायचे, तसे ते तिच्याकडे बघत होते.

"कधीपासून चालू शे हाई?" त्यांनी विचारलं.

"आजच," आक्का म्हणाली. "पहिलींदाच."

"मास्तरले शिकाडू नको."

आक्कानं डबा खाली ठेवला. साडू पुन्हा पोत्यावर आडवे झाले आणि बराच वेळ गोळ्याकडे बघत पडून राहिले.

"टाकी दे तेच परत," ते आतून म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मग म्हणाले, "आनि देख, पुढला रविवारले माले हाई सांगू नको."

"नही सांगाव," आक्का म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून तिथंच जमिनीवर बसली.

पुढच्या रविवारी मी गेलो. खरं सांगायचं तर जायचं मनात नव्हतं, बायकोनं ढकललं म्हणून गेलो. साडू लुंगी नेसून फाटकाशी उभे होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"बरं झायं तुम्ही उनात, पाव्हना," ते म्हणाले. "तेल बदलाले कितला दिवस व्हयी ग्यात."

"हो ना," मी म्हटलं, आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.