पापणीवरची गोचीड

कुंभारी गावातल्या माझ्या सासरच्या घरात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, बिबा. मेंढीचा खूर सडला, लाव बिबा. टाचेला भेग पडली, लाव बिबा. सुईला टोचून दिव्यावर तापवला की त्यातून काळं तेल गळायचं. त्यानं कातडी भाजून फोड आला म्हणजे औषध लागू पडलं, अशी सगळ्यांची खात्री. अंगाला गोचीड चिकटली तरी हाच इलाज. सासूबाईंच्या मानेवर आणि दंडावर त्याचे डाग होते, आणि त्या ते डाग दागिन्यांसारखे मिरवत.

माझं माहेर सांगोल्याकडचं, तेही मेंढरांचंच. पण वडील गोचिडीला काही लावू देत नसत. तिला डिवचलं की पोटातली घाण ती आपल्याच रक्तात ओकते, म्हणायचे. काटे काढायच्या चिमट्यानं तिला अगदी कातडीलगत, तोंडाशी धरायचं आणि सावकाश सरळ वर ओढायचं. पोट चेपायचं नाही, हिसडा द्यायचा नाही, नाहीतर तोंड आत राहून जागा पिकते. संध्याकाळी आमच्या काखा, कानामागची जागा आणि केसांची मुळं बघितल्याशिवाय आई जेवायला वाढत नसे. सासरी मी माझ्या लेकीचं तसंच बघू लागले, घोंगडी रोज उन्हात झटकू लागले. मेंढरांच्या घरात गोचिडीला भिणारी सून आली म्हणून सगळे हसले. मी हसू दिलं. हसण्यानं काही कुणाचं रक्त जात नाही.

लेक तीन वर्षांची असताना मामंजी तिला दुपारी मेंढरांकडे घेऊन गेले. तिथल्याच घोंगडीवर ती झोपली. दिवस कलता घरी आल्यावर तिचं तोंड धुताना मला दिसलं, वरच्या पापणीवर, केसांच्या मुळाशी, मुगाएवढी गोचीड चिकटून बसली होती.

मी चिमटा शोधेपर्यंत सासूबाईंनी दिव्यावर बिबा धरलासुद्धा. मालकांना त्यांनी पोरीचं डोकं घट्ट धरायला सांगितलं, आणि आईपुढे कधी तोंड न उघडणारा तो माणूस खाली बसला. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते माझ्यासमोर सुईच्या टोकावर लोंबत होतं. त्या तेलाचा एक थेंब आत गेला असता तर पोर जन्माची आंधळी झाली असती.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, डोळा हाय त्यो. टाच न्हाय."

"माजी चार पोरं काय तू वाढवलीस व्हय?" म्हणत त्या पुढे सरकल्या. मी त्यांचा हात झटकला. बिबा चुलीच्या राखेत पडला. मी पोरीला उचलून दारात उजेडाला बसले, चिमटा लावला आणि सावकाश ओढलं. गोचीड तोंडासकट आली. ती मी निखाऱ्यात टाकली, मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं मिटलेली पापणी पुसली. पुढे बरेच दिवस ताप येतो का, पापणी लाल होते का, ते बघत राहिले. काही झालं नाही.

पोरीला नाही झालं. मला मात्र व्हायचंच होतं. सुनेनं सासूच्या अंगावर हात टाकला, ही बातमी विहिरीवर पोचली. शेवटी मामंजींनी भावकीसमोर निकाल दिला, की सासूच्या पाया पड आणि चुकले म्हण, नाहीतर माहेरी जा.

मी पाया पडले. मग उठून म्हटलं, "तुमी मोठ्या हायसा म्हनून पाया पडले. चुकले म्हननार न्हाय."

मामंजींनी गाडी जुंपायला सांगितली. कुणी ओढून बसवायच्या आत मीच लेकीला कडेवर घेऊन गाडीत चढले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू, पण रडले नाही. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी पोरीची हनुवटी धरून तिचा एक डोळा बघितला, मग दुसरा बघितला, आणि गाडीवानाला म्हणाल्या, "बैलं सोड."

मी बरोबर होते असं त्या मरेपर्यंत म्हणाल्या नाहीत. मीही चुकले म्हटलं नाही, आणि आजही म्हणणार नाही.