खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणायचं नाही

केस कापणाऱ्या वहिनींच्या दुकानात एकच नियम होता: खुर्चीत बसलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही. तो काहीही बोलो, आपण कात्री चालवत म्हणायचं, "हो ना, अगदी खरं." नियम त्यांच्या आईचा. आईनंही जन्मभर हाच धंदा केला आणि तिचं एक गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. पण घराच्या कर्जाच्या वेळी या "हो ना"नं वहिनींचा असा घात केला की विचारू नका.

दुकान घराच्या पुढच्या खोलीत, मागे संसार, आणि सगळं भाड्याचं. एक दिवस मालक आला नि म्हणाला, "घर विकतोय. पहिला हक्क तुमचा, पण महिनाअखेर सांगा. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे." म्हणजे घर गेलं की दुकानही गेलं. नवरा बसचालक, निवृत्तीला टेकलेला. नव्या गल्लीत जाऊन नव्यानं माणसं जोडायची उमेद आता कुणात होती? कर्ज काढायचंच होतं. प्रश्न एवढाच, की कोणतं?

मग काय, सल्ल्यांना नुसता ऊत आला! नणंद म्हणाली, "व्याज एकदाचं कायमचं ठरवून टाक." नणंदेचा नवरा म्हणाला, "छे छे, बदलतं घ्या. व्याज उतरणार आहे." स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल कधी संपेल हे ज्याला कळत नाही, त्याला म्हणे व्याज कळतं! बँकेत गेल्या, तर खिडकीमागची मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅडम, आमच्या सगळ्याच योजना चांगल्या आहेत." अगं, सगळ्याच चांगल्या असत्या तर मी कशाला दुकान बंद ठेवून इथे रांगेत उभी राहिले असते? फुकट सल्ला देणारे छप्पन्न भेटले. "तुमची मिळकत किती, तुम्हाला काय झेपेल," असं विचारणारा एक भेटेल तर शपथ!

त्यातही वरचा सूर शाळेतल्या मास्तरीणबाईंचा. जुनं गिऱ्हाईक. खुर्चीत टेकल्या की सुरू, "वहिनी, बदलतंच घ्या. आम्ही तेच घेतलं. सुरुवातीला हप्ता किती हलका असतो!" वहिनी म्हणायच्या, "हो ना, अगदी खरं." शेवटी बाईंनीच त्यांच्या ओळखीचा कर्ज जुळवून देणारा माणूस पाठवला. टाय लावून आला, केस कापायला बसला आणि बोलतच सुटला. पहिली दोन वर्षं हलका हप्ता, मुदत लांबलचक, आणि त्याची फी म्हणाल तर एक पैसा नाही!

"हो ना," वहिनी म्हणाल्या.

"मग पाठवू कागद पुढे?"

"हो ना."

आठवड्यानं त्याचा फोन. "कर्ज मंजूर झालं, मॅडम. उद्या दुपारी सहीला या."

"अहो, पण मी हो कधी म्हटलं?"

"तुम्हीच तर म्हणालात. दोनदा!"

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "कात्री हातात असली की तू कुणालाही हो म्हणतेस, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत?"

वहिनी तडक त्या टायवाल्याच्या कचेरीत गेल्या. तो टेबलामागे, त्या समोरच्या खुर्चीत. "आमचे हे निवृत्त झाले की हप्ता कुठून भरायचा?"

"हो ना, चांगला मुद्दा आहे."

"आणि दोन वर्षांनी हप्ता वाढला तर?"

"हो ना मॅडम, अगदी खरं."

हा सूर वहिनींच्या ओळखीचा होता. धंद्याचा सूर होता तो, आणि आज खुर्चीत त्या स्वतः होत्या. "यात बँक तुम्हाला काय देते?" त्यांनी विचारलं. त्यानं टाय सरळ केला नि चहा मागवू का म्हणाला. वहिनी तणतणत घरी आल्या. त्याचा राग होताच, त्याहून जास्त स्वतःचा. सही करावी तर गळ्यात धोंड, न करावी तर घर आणि दुकान दोन्ही रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या. "काय वहिनी, आज सही ना? पाहा, बदलतं व्याज म्हणजे सुखाचं काम."

वहिनींची कात्री थांबली. "नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही पटत."

बाईंचा आवाज पार उतरला. "नकाच घेऊ. आमचा हप्ता पुढे इतका वाढला की घर विकावं लागलं. वर्ष झालं, आम्ही भाड्यानं राहतो."

"अहो मग मला का सारखं घ्या घ्या म्हणत होतात?"

"तुम्ही दर वेळी 'अगदी खरं' म्हणायचात ना. तेवढंच बरं वाटायचं. आपण चुकलो नाही असं वाटायचं."

वहिनींनी कात्री ठेवली, हात पुसले आणि टायवाल्याला फोन लावला. "मी सही करणार नाही." तो बरंच काही बोलला. "नाही," वहिनी पुन्हा म्हणाल्या आणि फोन ठेवला. मालकाला काय सांगायचं, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

बाई म्हणाल्या, "ठरलेल्या व्याजाचं बघा. हप्ता पहिल्यापासून जड वाटला तरी चालेल, पण तो तेवढाच राहतो. फी घेऊन सल्ला देणारी एक बाई आहे, मीच उशिरा गेले तिच्याकडे. आधी तासभर आपल्यालाच प्रश्न विचारते. दुपारी येते मी तुमच्याबरोबर." मग डोळे पुसून म्हणाल्या, "चला, करा नेहमीसारखे आखूड."

"आखूड नको," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला शोभत नाहीत. कधीच शोभले नाहीत."