काळ्या कडेचा गोल

हे आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. तुम्हाला पहिल्यांदा सांगून राहिलो. मी कुणाचाही आवाज काढतो — यष्टीच्या कंडक्टरचा, सरपंचाचा, बायोलॉजीच्या सरांचा तर लईच भारी. हे मात्र माझ्याच आवाजात.

भोकरला अकरावीला होतो. मायक्रोस्कोप एकच, पोरं वर्गभर. लाइनीत यायचं, एक डोळा मिटून वाकायचं, "दिसलं सर" म्हणायचं, सरकायचं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघायच्या होत्या. मी वाकलो. काय दिसलं? काळ्या कडेचा एक गोल, अन् माझ्याच पापण्या. तरी म्हणलो, "दिसलं सर." सगळेच म्हणत होते की! आकृती तर पुस्तकातूनच काढायची होती.

माझ्या मागं माधव — माझ्याच बाकावरचा. लई वेळ वाकून राहिला. मग म्हणला, "सर, नुसता काळ्या कडेचा गोल हाय. पेशी दिसंनात."

सर वैतागले. माधवनं मला हळूच विचारलं, "तुला खरंच दिसल्या का रे?"

तिथं — तिथंच खरं बोलता आलं असतं. बोललो का? "हाव की, भिंतीच्या विटावानी!" म्हणलो. अन् वरून सरांचा आवाज काढला, "माधवा, डोळे घरी इसरून आलास काय बाळ?" वर्ग फुटला. सर पण हसले. तवापासून त्याचं नाव पडलं — आंधळ्या.

त्याच्या बापानं त्याला नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डोळे चांगले निघाले. परत आल्यावर मला म्हणला, "डोळे बरे हायेत, म्हंजी डोस्कंच कच्चं आसंल माझं. सायन्स आपलं काम न्हाई." गेला आर्ट्सला. जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं त्याला — घरी देवणी गाय होती, तिच्या पोटाला कान लावून बसायचा. तवा तरी बोलायचं ना?

आता लातूरला बीएस्सी करून राहिलो. पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी तोच गोल दाखवला. "हा हवेचा बुडबुडा. याला पेशी समजू नका."

म्हंजी माधवला बरोबर दिसलं होतं. जे होतं तेच.

येत्या रविवारी भोकरला जाणार हाय. आमची पोरं टपरीवर चहाला जमतात, माधव पण. अजून आंधळ्याच म्हणतात त्याला. सगळ्यांपुढं सांगणार. कुणाचा आवाज काढणार न्हाई. माफी पण मागणार न्हाई — मागितली की त्याला "जाऊ दे रे" म्हणावं लागंल. नुसतं सांगणार — मला पण गोलच दिसला होता माधव, अन् तुला हसलो तवा ते मला माहीत होतं.