मागचा डावा दिवा

दवाखान्यात एका पेशंटची दाढ भरत होते, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. काम चालू असताना मी फोन घेत नाही, पण तो लागोपाठ तिसऱ्यांदा वाजला, म्हणून सिस्टरना स्पीकर लावायला सांगितलं.

"अगं, बाबांनी गाडीच्या सगळ्या बत्त्या जाळल्या," नवरा म्हणाला. "फक्त पीछेची डावी जळत नाहीये."

माझा हात पेशंटच्या तोंडातच थांबला. "विझवलं का मग?"

"का विझवायचं? किती मुश्किलीनं जळल्यात."

माझा नवरा जन्मानं जयपूरचा. त्याचे वडील इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आले आणि बनी पार्कात घर घेऊन इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर सगळी हिंदी, त्यामुळे नवऱ्याचं मराठी ऐकायला गोड, पण त्यावर विसंबून अग्निशामक दलाला फोन करू नये. दिवा 'लावतात', 'जाळत' नाहीत, हे मी कोल्हापूरहून लग्न करून आल्यापासून त्याला सांगत आलेय. तो दर वेळी "हो, बरोबर" म्हणतो आणि संध्याकाळी देवापुढे निरांजन जाळतो.

तर आग वगैरे काही नव्हती. सासऱ्यांच्या जुन्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यायची होती. त्यासाठी सोमवारी गाडी नेऊन दाखवायची होती आणि तिचे सगळे दिवे लागायला हवे होते. ही पिस्ता रंगाची, गोल नाकाची गाडी त्यांनी लेक्चरर असताना घेतलेली. तिला ते 'ती' म्हणतात, आम्हाला 'तुम्ही लोक'. तिची देखभाल खातीपुऱ्यातले एक मिस्त्री करायचे, पण ते पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. सासूबाई नणंदेकडे नाशिकला होत्या. त्यामुळे रविवारी सकाळी पोर्चमध्ये आम्हा तिघांना अडवायला शहाणं असं कुणीच नव्हतं.

"मी रोज दाढा काढते," मी म्हणाले. "एक बल्ब निघणार नाही?"

सासरे चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, दाढेला गंज चढत नाही."

त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली आणि हातात टॉर्च घेऊन उभे राहिले. मागच्या दिव्यावरची लाल काच तीन स्क्रूंनी बसवलेली होती. काच म्हणायचं, खरं तर ते प्लॅस्टिकच. दोन स्क्रू सहज निघाले. तिसरा जागचा हलेना. त्याच्यावर तेल सोडलं आणि चहा प्यायलो. पुन्हा तेल सोडलं आणि पोहे खाल्ले. मग सासऱ्यांनी उष्णतेनं धातू कसा प्रसरण पावतो ते आम्हाला सांगितलं, आणि नवरा माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आला. वीसेक मिनिटं आम्ही तिघं गाडीच्या मागे उकिडवे बसून एका स्क्रूला गरम वारा घालत होतो. दूधवाला भैया फाटकाशी थांबला, थोडा वेळ बघत राहिला आणि दूध ठेवून गेला.

शेवटी स्क्रू निघाला. पण काच निघेना. मागचं रबर वितळून पत्र्याला चिकटलं होतं.

"फसलीये ती," नवरा म्हणाला.

"अडकलीये," मी म्हणाले. "फसले मी."

स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर काच फुटली असती. तेव्हा मला सुचलं ते मी अजूनही अभिमानानं सांगते. घरातून दात साफ करायचा दोरा, फ्लॉस, आणला, काचेच्या आणि पत्र्याच्या फटीत घातला आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा ओढत सबंध रबर कापत गेले. काच अलगद हातात आली. सासऱ्यांनी टॉर्च बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. मी ती काच धुऊन पुसून मुढ्ढ्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलावर, वाळत ठेवली आणि बल्बकडे वळले.

हा बल्ब आत दाबून फिरवायचा असतो. मी दाबला, फिरवला, आणि वरचा काचेचा फुगा हातात आला. पितळी बूड तिथंच राहिलं. माझ्या धंद्यात याला दात तुटून मूळ आत राहणं म्हणतात, आणि असं झालं की डॉक्टर पेशंटला "घाबरू नका" म्हणतो.

"घाबरू नका," मी सासऱ्यांना म्हणाले.

"मी कुठं घाबरलोय?" ते म्हणाले आणि टॉर्च विझवून पुन्हा लावला.

एवढ्यात शेजारच्या आंटीजींचं डोकं कंपाउंडच्या भिंतीवरून दिसलं. सत्तरी ओलांडलेल्या, आवाज करारी, आणि आमच्या घरात काय चाललंय ते आमच्याआधी त्यांना कळतं. "आलू लगाओ," त्या म्हणाल्या. फुटलेल्या बल्बवर अर्धा बटाटा दाबायचा आणि फिरवायचा, त्यांच्या माहेरी असंच करायचे. बटाटा कुठून आणायचा याची चर्चा होईतो त्या स्वतःच एक मोठा बटाटा कापून घेऊन फाटकातून आत आल्या.

मी बटाटा दाबला. तो छान रुतला. फिरवला, तर माझ्या हातात अर्ध्याचा पाव बटाटा आला आणि उरलेला होल्डरमध्ये बसला. काय झालं बघायला सासरे वाकले. आता दिव्याच्या भोकात आधी बटाटा, त्याखाली काचेचे तुकडे, त्याखाली पितळ असा थर झाला होता.

"दम आलू," नवरा म्हणाला. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

"कच्चा था," असं आंटीजींनी निदान केलं आणि दमल्यासारख्या होऊन मागच्या मुढ्ढ्यावर बसल्या.

कट्ट असा आवाज आला. बारीकसाच. आंटीजी सावकाश उठल्या, मागे वळून न बघता म्हणाल्या, "कुछ चुभा." मुढ्ढ्यावर लाल काचेचे तीन तुकडे पडले होते. त्यांना लागलं का, ते आधी आम्ही विचारलं. लागलं नव्हतं. साडी जाडजूड होती. सासरे खाली मान घालून तुकडे बघत राहिले. आंटीजींना वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "जी, पुरानी थी." आंटीजींचा गैरसमज झाला असावा, कारण त्या जरा ताठ्यातच घरी गेल्या.

मला आता इरेला पेटल्यासारखं झालं होतं. मी कपाटातून मुळं काढायचा जुना चिमटा आणला, जो पेशंटसाठी मी आता वापरत नाही. कोरणीनं बटाटा काढला, काच काढली. मग चिमट्याची टोकं बुडाच्या आत उघडून घट्ट धरली आणि मुळाला देतो तसा आधी थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे झोका दिला. सासरे टॉर्च धरून माझ्या प्रत्येक हालचालीबरोबर स्वतःचा जबडा हलवत होते. कर्रकन आवाज आला आणि बूड बाहेर आलं. नवऱ्यानं सवयीनं कापसाचा बोळा पुढं केला. तो त्यानं कुठून आणला होता, माहीत नाही.

नवा बल्ब बसेना. दाबला, फिरवला, काढला, पुन्हा दाबला. असा अर्धा तास गेला. माझ्या अंगठ्याला फोड आला. शेवटी सासरे शांतपणे म्हणाले, "त्याच्या दोन्ही पिना एका उंचीवर नसतात. एकाच बाजूनं जातो तो. उलटा करून बघ."

उलटा केला. बसला.

"बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू 'रोज दाढा काढते' म्हणालीस," ते म्हणाले. "कॉलेजातही विद्यार्थी प्रयोग करत असला की मी मधे बोलत नसे."

बॅटरीची वायर जोडली. दिवा लागला, ब्रेक दाबला की आणखी उजळला. राहिली काच. राजा पार्कात सुट्या भागांचं एक दुकान आहे, तिथं नवरा जाऊन आला. त्यांनी फोटो बघून त्याला आदरानं पाणी दिलं आणि असं काही आता मिळत नाही म्हणून सांगितलं. मग मी माझ्या पद्धतीनं केलं. कवळी तुटली की आम्ही जी पावडर आणि द्रव कालवून जोडतो, ती या प्लॅस्टिकलाही धरते. दवाखान्यातून आणून तीन तुकडे जोडले. फार मजबूत झाले. एकच अडचण, ती पावडर हिरड्यांच्या रंगाची असते. लाल काचेवर दोन गुलाबी रेघा उमटल्या आणि दिवा लागला की मागून बघणाऱ्याला गाडी आपल्याकडे बघून हसतेय असं वाटायला लागलं.

सोमवारी गाडी तपासायला नेली. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून चालवत होते, मी शेजारी, नवरा मागे. आमच्या पुढे दोन ट्रक आणि एक पाण्याचा टँकर होता. तपासणारे साहेब तरुण, गंभीर होते. त्यांनी एकेक दिवा लावायला सांगितला. पुढचे लागले, इंडिकेटर लागले. मागे जाऊन ते डाव्या दिव्यापाशी थांबले, वाकले, नखानं गुलाबी रेघ खरवडली.

"ये क्या है?"

"जी, बत्तीसी का मसाला," मी म्हणाले. "मी दातांची डॉक्टर आहे," हेही हिंदीत सांगितलं, तरी खुलासा पुरेसा वाटेना.

त्यांनी ब्रेक दाबायला सांगितला. दिवा उजळला. काच हलवून बघितली, हलेना. कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पक्का है. अंदर पानी नहीं जाएगा." मग सही केली. माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही निघणार तेवढ्यात टँकरचा ड्रायव्हर, पांढऱ्या मिशांचा धिप्पाड माणूस, खिडकीशी आला. आमचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. "डॉक्टरजी, एक मिनट," म्हणून त्यानं तोंड उघडलं. तिथंच सासऱ्यांच्या टॉर्चच्या उजेडात मी त्याची दाढ बघितली आणि दवाखान्याचा पत्ता दिला. मागे ट्रकचे दोघं रांग लावून उभे राहिलेले बघून नवरा म्हणाला, "बाबा, आता निकळा."

परतताना सासरे खुशीत होते. बनी पार्काच्या वळणावर त्यांनी डावा इंडिकेटर लावला. तो टिक्टिक करत व्यवस्थित लागला. तरीही त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हवेत भलामोठा गोल फिरवला, पूर्वी डावीकडे वळताना दाखवत तसा. मागचा स्कूटरवाला दचकून थांबला.

"बाबा, दिवे लागतायत सगळे," मी म्हणाले.

"लागू देत की," ते म्हणाले आणि पूर्ण वळेपर्यंत हात तसाच फिरवत, सावकाश गाडी आत घातली.