रायगडाची ज्योत आणि जयवंतकाका

जयवंतकाका परब एकतीस वेळा रायगडावर गेले, पण राजवाडा त्यांनी अजून धड पाहिलेला नाही. दरवर्षी तिथीच्या शिवजयंतीला आमच्या घोडपदेवच्या चाळीत रायगडाहून ज्योत येते. पोरं आळीपाळीने मशाल घेऊन धावतात, मागून टेम्पो येतो आणि टेम्पोत काका. चिंध्या बदलायच्या, तेल घालायचं, वारा आला की पुठ्ठा आडवा धरायचा, हे त्यांचं काम. समाधीपाशी ज्योत पेटली की काका लगेच उतरायला लागतात. "ती जळतेय, आणि आपण काय बघत बसायचं?" हारतुरे धावणाऱ्यांना, फोटोही धावणाऱ्यांचे. काका फोटोत असलेच तर कुणाच्या तरी कोपराखालून दिसतात.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीतला. पाच वर्षं मीही धावलो, मग पोट सुटलं आणि मला कुणी बोलवेनासं झालं.

काका आता एकोणसाठचे. चिंचपोकळीच्या एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर दिवसभर उभे असतात. गुडघे कामातून गेलेत. रोपवेने जा म्हटलं तर ऐकत नाहीत. ज्योत पाळण्यात घालून आणायची म्हणजे महाराजांना लिफ्टने उतरवल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. गेली चार वर्षं त्यांचं एकच चाललंय, "आता हे कुणीतरी घ्या रे." घ्यायला सगळे तयार, पण काकांना कुणी पसंत पडत नाही. हा सारखा मोबाइलवर, तो झोपाळू, तिसऱ्याला विझली काय न् राहिली काय सारखंच. त्यातल्या त्यात वरच्या मजल्यावरच्या निलेशवर त्यांचा डोळा होता. तिशीचा मुलगा, कुरिअर कंपनीत नोकरीला, धावायला चांगला. पण त्यालाही होकार देईनात. दमलेल्या माणसाने इतकं चिकित्सक असू नये, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते नुसते गुडघ्याला बाम चोळत राहिले.

यंदा ऊन फार होतं. गड चढताना काका चार ठिकाणी बसले. महादरवाजाशी म्हणाले, "हे शेवटचं. पुढच्या वर्षी मेलो तरी येणार नाही." उतरून पाचाडला टेम्पोत चढले तेव्हा पाय लटलटत होते. दुपारी माणगावजवळ त्यांचा डोळा लागला. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तेवढ्यात एक ट्रक घासून गेला आणि पोरांचा "अरे, अरे" असा ओरडा झाला. काकांनी डोळे किलकिले केले. मशालीतून नुसता धूर येत होता. निलेशने मागेपुढे पाहिलं, खिशातून लायटर काढला आणि मशाल पेटवली. पोरं पुन्हा धावायला लागली.

काकांनी डोळे मिटून घेतले.

हे नंतर त्यांनीच मला सांगितलं. "मागे फिरा" एवढंच म्हणायचं होतं. पण मागे फिरायचं म्हणजे पुन्हा गड, पुन्हा त्या पायऱ्या. त्या घटकेला त्यांना गड नको होता, ज्योत नको होती, फक्त घर हवं होतं. उरलेला सगळा रस्ता मात्र ते टक्क जागे राहिले आणि त्या लायटरच्या आगीला तेल घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ज्योत चाळीत आली. ढोल वाजत होते. दारापाशी बायका निरांजनं घेऊन ओळीने उभ्या होत्या. आमच्याकडे या ज्योतीवर प्रत्येक घर आपली वात पेटवून घेतं आणि देव्हाऱ्यात नेतं. पहिला मान सुंदराबाईंचा. वय ब्याऐंशी. ज्योत यायची म्हणून आदल्या संध्याकाळपासून त्यांनी देवापुढे दिवाही लावला नव्हता. त्यांनी निरांजन पुढे केलं आणि काका मध्ये आले.

"थांबा. ही गडावरची नाही."

ढोल थांबायला जरा वेळ लागला. मंडळाचा सेक्रेटरी दौलत धावत आला. "काका, काय बोलताय? स्टेज लागलंय, पाहुणे निघालेत!"

"वाटेत विझली. मी झोपलो होतो," काका म्हणाले. निलेशचं नाव त्यांनी घेतलं नाही. तो मागे मान खाली घालून उभा होता.

खरं सांगतो, मला काकांचा रागच आला. इतका वेळ गप्प बसलात, तर आणखी दोन मिनिटं बसायचं होतं. कुणाचं काय बिघडलं असतं?

सुंदराबाईंनी निरांजन मागे घेतलं. "खंय इझली रे?"

"माणगावाक."

"मगे परत जा नि घेवन ये. आमी थांबतलंव."

"अहो आजी, पण आजचा कार्यक्रम..." दौलत म्हणाला.

"तुझो कार्यक्रम तू कर. दिवो उद्या लागतलो." एवढं बोलून त्या आत गेल्या. मग बाकीच्या बायकाही एकेक करून आपापल्या घरात शिरल्या. वात कुणीच पेटवली नाही.

काका टेम्पोकडे वळले. पायरीवर पाय ठेवला, पण अंग वर उचलेना. पुन्हा प्रयत्न केला. निलेशने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः चढला.

"मी जातो. तुम्ही घरी बसा."

"अरे, रात्रभर धावलायस तू."

"तुम्ही तरी कुठे झोपलात?" मग तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "माणगाव तुम्हाला कसं कळलं, काका? जागे होता ना?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"मग तेव्हाच का नाही बोललात? फिरलो असतो ना मागे."

"पाय फार दुखत होते रे," काका म्हणाले, आणि सगळ्या चाळीदेखत रडायला लागले.