चारी झाडल्याशिवाय पान नाही

आमच्या घराण्यात अक्कल आली ती सगळी माझ्या धाकट्या दिराच्या वाट्याला. उरलेल्यांनी शेती केली. हा दोन वर्षांपूर्वी सुरतेहून चार जुनी मशीनं टेम्पोत घालून आला आणि केळी पिकवायच्या रिकाम्या खोलीत मांडून बसला. बुटांच्या खोक्याएवढी मशीनं, पण आवाज असा की पिठाची गिरणी बरी. भिंतीला दोन पंखे. समोर उभं राहिलं की तोंड भाजायचं.

"काय दळतोस रे?" मी विचारलं.

"कॉईन काढी ऱ्हायनू, वहिनी."

कॉईन कुठे दिसेनात. विजेचं मीटर मात्र गरगर फिरत होतं. ते नेमकं कुणाच्या नावाचं, हे विचारायचं नाही असं घरात ठरलं होतं.

मी एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. कळत नाही असं कबूल करायची मला सवय नाही, म्हणून त्याला पायरीवर बसवलं आणि म्हटलं, नीट समजाव. त्याचं म्हणणं असं. जगभर एक वही आहे, कुणी कुणाला किती दिलं त्याची. ती एका माणसाच्या कपाटात नाही, हजारो लोकांकडे तीच वही आहे. नवीन पान जोडायचं तर आधी एक आकडा शोधायचा. पानावरचा मजकूर आणि तो आकडा एकत्र करून गणिताच्या चरकात घालायचा, आणि बाहेर जे निघेल त्याच्या सुरुवातीला ठरलेली शून्यं आली पाहिजेत. कुठल्या आकड्याने येतील ते आधी कुणालाच कळत नाही. एक घाल, नाही आलं. दुसरा घाल. असे कोट्यवधी. ज्याला आधी सापडला त्याचं पान लागलं, त्याला बक्षीस.

"म्हणजे आकडा लावायचा धंदा," मी म्हटलं. "तो तर बसस्टँडमागे टपरीवर पण चालतो. त्याला टेम्पो लागत नाही."

"तसं नही ना, वहिनी!" बिचारा कळवळला. प्रत्येक पानात मागच्या पानाचं ते निघालेलं उत्तर लिहिलेलं असतं, म्हणे. मागच्या एका पानात कानामात्रा बदलली की त्याचं उत्तर बदलतं, मग पुढचं पान खोटं पडतं, मग त्याच्या पुढचं. लबाडी करायची तर तिथून पुढची सगळी पानं पुन्हा दळायची, आणि तोवर बाकीची दुनिया पुढे गेलेली असते. शोधायला घाम निघतो, तपासायला क्षण पुरतो. "हाई वही कोनले खोडता येवाव नही," तो छाती फुगवून म्हणाला.

"आणि ज्यांचा आकडा लागला नाही, त्यांनी जाळलेली वीज?"

"ती गयी."

वा! अख्ख्या जगाने वीज जाळायची, कशासाठी, तर कुणी खाडाखोड करू नये म्हणून. आमच्याकडे एवढ्यासाठी वर्गात छडी पुरायची. असं मी म्हटलं खरं, पण आठच दिवसांत त्याची ती वही माझ्या कामी आली.

आमचे हे गेल्यापासून शेत मीच बघते. यंदा पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर पपई लावली होती. आणि पपई साधली नाही तर शेत बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला देईन, असं भरल्या घरात बोलून बसले होते. माझी जीभ, दुसरं काय! बटाईने घ्यायला टपलेला माणूसही ठरलेला: आमच्या पाण्याची वही लिहिणारे.

तापीवरून पाणी उपसायची आम्हा नऊ जणांची सामाईक मोटर आणि पाईपलाइन आहे. पाणी हौदात पडतं, तिथून मातीच्या चारीने ज्याच्या त्याच्या शेतात जातं. नऊ घरं, नवव्या दिवशी पाळी. जुनी रीत अशी की ज्याची पाळी त्याने आधी आपली चारी झाडायची, म्हणजे गवत उपटायचं, गाळ काढून काठावर टाकायचा. मग पाणी. पाळ्यांची वही एकच, आणि ती वहीवाल्यांच्या घरी.

ऐन उन्हाळ्यात शुक्रवारी मी पाणी मागायला गेले, तर वहीवाले गोड हसून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमनी पाळी सोमवारेच झायी ना." वहीत लिहिलेलं होतं. नाव माझं, खाली पांढऱ्या शाईचा पोपडा. सोमवारचं पाणी त्यांच्याच उसात गेलं होतं.

माझं डोकंच सटकलं. मी आठही घरच्या माणसांना तिथल्या तिथे माझ्या चारीवर नेलं. गवत पोटरीएवढं उभं! "मी सोमवारी पाणी घेतलं, तर चारी कुणी झाडली? आणि झाडली तर चार दिवसांत एवढं गवत उगवलं? असलं बियाणं असेल तर मलाही द्या." वहीवाल्यांच्या चारीच्या काठावर ताजा गाळ पडलेला होता, तो सगळ्यांनी बघितला. शाईने लिहायला दोन सेकंद लागतात. गाळ काढल्याचं सोंग आणता येत नाही.

पाळी परत मिळाली, रविवारची. पण मी तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली मास्तरीण! बैठकीत उभी राहिले आणि दिराचं ज्ञान माझ्या नावावर खपवलं. वही एक नाही, नऊ. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागच्या पानाची शेवटची ओळ. चारी झाडून झाली, दोघांनी बघितली, की मगच पान लिहायचं. आणि एकदा लिहिलेलं पान कुणीही, कशासाठीही, बदलायचं नाही. टाळ्या पडल्या. दीर मागे उभा राहून हळूच म्हणाला, "वहिनी, हाई तर मन्हं शे." मी ऐकलं नाही.

रविवारी सकाळी सहाला मी चारी झाडली. दोघांनी बघितली. नऊ वह्यांत पान लिहिलं गेलं. वहीवाल्यांनी मोटरचा खटका दाबला, आणि पलीकडच्या बांधावर डीपीने, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरने, धडाम आवाज केला. धूर निघाला. मोटर गप्प.

त्या डीपीवर नऊ जणांची मोटर होती, आणि दिराची चार मशीनंही. गेल्याच आठवड्यात त्याने पाचवं आणलं होतं, स्वस्त पडलं म्हणून. जगाच्या वहीत कुणी खाडाखोड करू नये यासाठी माझ्या दिराने माझं पाणी जाळलं होतं.

नवी डीपी बसायला तीन दिवस लागले. मी वहीवाल्यांकडे गेले, पाळी पुढे ढकला म्हणून. त्यांनी वही उघडली, माझ्यासमोर धरली आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "लिखेल पान बदलता येत नही. तुमनाच नियम."

माझाच. पुढची पाळी नवव्या दिवशी. तोवर पपईने माना टाकल्या असत्या, आणि मग शेत वहीवाल्यांचं. पानं खालून पिवळी पडायला लागली होती, फुलं गळत होती. मी बांधावर बसून रडले. एकटीच होते, म्हणून सांगते.

गुरुवारी दिराची पाळी होती, गड्यांच्या हाती सोपवलेल्या त्याच्या केळीची. त्याने बैठक बोलावली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जुनं पान तसंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "नवं पान लिखा. मन्ही पाळी मी वहिनीले दिधी."

वहीवाले अडखळले. मग म्हणाले, "चारी झाडेल पाहिजे. मास्तरीणबाईनी झाडेल चालाव नही, पाळी तुन्ही शे." कारण रविवारपासून गुरं माझ्या चारीत उतरून कडा ढासळल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. आणि माझ्या दिराने जन्मात कुदळ धरलेली नाही, हेही.

त्याने धरली. दोनशे फूट चारी, मे महिन्याचं ऊन. मी मदतीला गेले तर, "हात लावू नका, पान खोटं पडी," म्हणून ओरडला. दुपारी एकला तो हौदापाशी मटकन बसला. मी या टोकाला उभी राहून त्या टोकापर्यंत एकदा बघितलं आणि म्हटलं, "झाली. लिहा."

"मन्हा सहा तास गयात," तो धापा टाकत म्हणाला, "नि तुम्ही एक नजरमा देखी लिधं?"

"तूच तर शिकवलंस रे, मेल्या."

पाणी आलं. शेताच्या तोंडाशी मी त्याचे तळहात उलटून बघितले. फोड फुटून सोललेले होते. मी त्याला भरपूर शिव्या घातल्या आणि घरून हळद-तेल आणून लावलं. त्याची केळी त्या फेरीत तहानलेली राहिली, चाळीसेक खोडं आडवी झाली. पपई साधली. शेत माझ्याकडेच आहे.

नऊ वह्यांत ती दोन्ही पानं आहेत. रविवारचं माझ्या नावाचं, ज्या दिवशी थेंब आला नाही, आणि गुरुवारचं त्याच्या नावाचं, ज्या दिवशी पाणी माझ्या शेतात गेलं. परवा वहीवाले म्हणाले, रविवारचं पान चुकीचं दिसतं, दुरुस्त करू का. मी म्हटलं, हात तर लावून बघा.